राखीव वन, दगडी पाचर आणि बर्फाची प्रयोगशाळा

स्विस आल्प्समध्ये हिमस्खलनापासून बचावाचा एक फार जुना उपाय म्हणजे झाडाला हात न लावणे. आंडरमाट गावाच्या डोक्यावर उतारावर एक त्रिकोणी जंगल उभे आहे. उर्सेरेन खोऱ्यातल्या लोकांनी १३९७ साली लेखी करार करून तिथे कुऱ्हाडबंदी केली. फांद्या, झुडपे, इतकेच काय, सूचिपर्णी झाडांची गळून पडलेली बोंडेही उचलायची नाहीत, असे ठरले. लांबलचक हिवाळ्याच्या मुलखात सरपणावर पाणी सोडणे सोपे नव्हते. पण लोकांचा हिशेब बरोबर होता. दाट झाडीत फांद्यांवर अडकलेला बर्फ ढेकळांनी खाली पडतो, त्यामुळे अखंड थर जमत नाही आणि जमलेल्याला खोडे धरून ठेवतात. मात्र झाडोऱ्याच्या वरून सुटलेला मोठा लोट अशा जंगलालाही जुमानत नाही.

जिथे जंगल नव्हते तिथे गवंडी कामाला लागला. डावोसजवळच्या फ्राउएनकिर्ख इथल्या चर्चला १६०२ मध्ये हिमस्खलनाचा तडाखा बसला. त्यानंतर डोंगराकडची भिंत होडीच्या नाळेसारखी टोकदार दगडी पाचर म्हणून बांधली गेली. लोट तिच्यावर फुटून दोन बाजूंनी निघून जावा, हा हेतू. ती आजही पाहायला मिळते. सगळीच गावे अशी सावध नव्हती किंवा सुदैवी नव्हती. १७१९ मध्ये लॉयकरबाड इथे पन्नासहून अधिक माणसे गाडली गेली.

घाट ओलांडणाऱ्यांचे नियम वेगळे होते. झुरिकचे विद्वान योसियास झिमलर यांनी १५७४ साली आल्प्सवरील ग्रंथात हिवाळी प्रवासाची माहिती दिली. पहाटे निघावे आणि धोक्याची जागा न बोलता पार करावी, असा तेव्हाचा दंडक होता. पहाटेचा सल्ला अजूनही खरा आहे, कारण ऊन चढले की बर्फ ओला होऊन सुटतो. मौनाचा मात्र उपयोग नाही. माणसाच्या आवाजाने हिमस्खलन होत नाही.

या सगळ्या ज्ञानाला एक मर्यादा होती. लोट कुठून येतो हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. केव्हा येईल, हे नाही. वनाधिकारी योहान कोआत्स यांनी हिमस्खलनांची पद्धतशीर नोंद सुरू केली आणि १८८१ मध्ये त्यावर पुस्तक काढले. बर्फ सुटू नये म्हणून उतारावरच आडव्या दगडी भिंती घालण्याचे कामही त्यांच्याच काळात रुजले.

‘केव्हा’चे उत्तर थराच्या पोटात होते. डावोसच्या वर वाइसफ्लूयोखवर १९३६ मध्ये लाकडी झोपडीत संशोधन सुरू झाले. १९४२ मध्ये तिथे हिमसंशोधन संस्था उभी राहिली. पडलेला बर्फ तसाच राहत नाही. जमिनीलगत ऊब आणि वर कडाका असला की वाफ वर सरकते आणि आत साखरेसारखे सुटे, ठिसूळ कण तयार होतात. त्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाची घट्ट लादी बसली की सापळा तयार. १९४५ पासून नागरिकांसाठी हिमस्खलनाचे इशारे निघू लागले.

तरीही १९५०–५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांत ९८ माणसे मेली. एकट्या फाल्स गावात १९, आणि राखीव वनाच्या त्या आंडरमाटमध्ये १३. त्या धक्क्यानंतर सरकारने हात सैल सोडला. उतारांवर पोलादी अडसर बसू लागले. आज त्यांची लांबी ५०० किलोमीटरांहून अधिक आहे. नकाशावर जमिनीचे धोकापट्टे पडले आणि सर्वाधिक धोक्याच्या लाल पट्ट्यात नवे घर बांधायला मनाई झाली. यातला खरा गुण नकाशाचा. पोलाद महाग असते, तर न बांधलेल्या घराला काहीच खर्च येत नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा प्रचंड बर्फ पडला. एवोलेनमध्ये १२ आणि सीमेपलीकडे ऑस्ट्रियात गाल्ट्यूरमध्ये ३१ जण दगावले, पण स्वित्झर्लंडमधली एकूण जीवितहानी १९५१ च्या मानाने बरीच कमी होती.

गावे सावरली, तसा मृत्यू डोंगरावर सरकला. आता बळी जातात ते बहुतेक आखीव मार्ग सोडून स्कीवर हिंडणारे. १९९३ पासून युरोपभर धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी आहे आणि गाडले गेल्यास शोध लागावा म्हणून अंगावर संदेशयंत्र बाळगण्याचा रिवाज पडला आहे. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. गावावर येणारा लोट आपोआप सुटलेला असे; स्कीवाल्यांवर कोसळणारा बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या वजनाने सुटतो.