बाहुलीची कंबर

फॅशनची बाहुली मूळची लहान मुलींसाठी नव्हतीच. इ. स. १३९६ मध्ये फ्रान्सच्या राजदरबाराच्या हिशेबात इंग्लंडच्या राणीकडे पाठवावयाच्या बाहुल्या व त्यांचे पोशाख यांचा खर्च मांडलेला आढळतो. पॅरिसमध्ये झग्याची तऱ्हा कशी आहे, बाह्या किती लांब ठेवतात, हे परमुलखातील दरबारी स्त्रियांना कळावे, एवढाच त्यांचा उद्देश. सतराव्या-अठराव्या शतकांत अशा बाहुल्या 'पँडोरा' या नावाने युरोपभर हिंडत. पुढे छापील फॅशन-पत्रिका निघाल्या, बाहुलीची ही चाकरी संपली आणि ती श्रीमंत घरांतल्या मुलींच्या खेळात शिरली. या साऱ्या काळात बाहुलीचे शरीर म्हणजे कपडा टांगण्याची खुंटी होती. लक्ष असे ते कपड्याकडे. खुंटीच नमुना होऊन बसली ती आपल्या विसाव्या शतकात, आणि ती कथा ऐकण्यासारखी आहे.

१९५२ साली हॅम्बुर्गच्या 'बिल्ड' या दैनिकात राइनहार्ड बॉइथिन नावाच्या व्यंगचित्रकाराने लिली नावाची एक पोरगी काढली. सोनेरी केस, तिरकी नजर, तोंडाने फटकळ, श्रीमंत पुरुषांना खेळवणारी. वाचकांना ती एवढी रुचली की १९५५ मध्ये तिची बाहुली बाजारात आली. ती विकली जाई तंबाखूच्या दुकानांत नि मद्यगृहांत. प्रौढ पुरुषांनी एकमेकांना थट्टेने द्यावयाची ती वस्तू होती. तिची बारीक कंबर, लांब पाय आणि भरलेली छाती ही त्या थट्टेचाच भाग होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

१९५६ मध्ये अमेरिकेतील 'मॅटेल' या खेळण्यांच्या कंपनीच्या एक संस्थापिका रूथ हँडलर स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहरी गेल्या असता त्यांनी ही लिली पाहिली. पोलंडहून आलेल्या ज्यू निर्वासित कुटुंबातली ही दहावी मुलगी, विलक्षण हिकमती. आपली कन्या बार्बरा कागदी बाहुल्या घेऊन मोठ्या बायकांचे खेळ खेळते, कचेरीत जाते, सहलीला जाते, हे त्यांनी पूर्वीच हेरले होते. त्या वेळी दुकानांत मुलींसाठी मिळत ती बहुतेक बाळे : त्यांना भरवायचे आणि निजवायचे. मुलीला 'आई' होण्यावाचून दुसरा खेळ नाही, ही त्यांची तक्रार रास्तच होती. मात्र तिच्यावरचे उत्तर त्यांनी आणले ते जर्मन मद्यगृहातल्या लिलीकडून. १९५९ च्या ९ मार्चला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात साडेअकरा इंचांची बार्बी अवतरली. किंमत तीन डॉलर. पहिल्याच वर्षी तीन लाखांहून अधिक बाहुल्या खपल्या.

खपाचे श्रेय केवळ बाहुलीचे नव्हते. व्हिएन्नाहून अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट डिख्टर यांना कंपनीने आधीच्या वर्षी पाचारण केले होते. मुली बाहुलीवर लुब्ध, माता मात्र नाराज, असे त्यांना आढळले. असले अंग असलेली बाहुली लेकीच्या हाती द्यावी असे कोणत्या आईला वाटेल? पण बाहुली किती नीटनेटकी आहे, असे लेकीच्याच तोंडून ऐकताच एका मातेचा विरोध मावळला, आणि डिख्टर यांना किल्ली सापडली. या बाहुलीमुळे तुमची मुलगी व्यवस्थित राहायला शिकेल, असे आईला पटवा, हा त्यांचा सल्ला. लेकीने चारचौघींत चांगले दिसावे ही आईची काळजी. तिच्यात वाईट काही नाही. दुकानदाराने नेमके तेच दार ठोठावले. आणि मुलीला पटविण्याचे काम दूरचित्रवाणीकडे होते. १९५५ पासूनच ही कंपनी 'मिकी माउस क्लब' या मुलांच्या कार्यक्रमातून आई-बापांना वगळून थेट मुलांशी बोलू लागली होती.

आता त्या शरीराविषयी. बार्बीला सहापट मोठी केली तर उंची पावणेसहा फूट आणि कंबर अवघी अठरा ते एकवीस इंच भरते. पाऊल कायमचे उंच टाचेच्या बुटासाठी वाकलेले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा असा बांधा लाखात एखादीचाही असणे कठीण, असे निघाले. तिचा सवंगडी केन याच्यासारखा पुरुष मात्र सुमारे पन्नासांत एक सापडतो. कंपनीच्या बाजूने सांगितले जाते की, एवढ्याशा बाहुलीवर खऱ्या कापडाची शिवण जाड दिसते, म्हणून कंबर बारीक ठेवावी लागली. हे शरीर वास्तव असावे असा हेतूच नव्हता, मुलींना कपडे चढविणे-उतरविणे सोपे जावे, एवढेच पाहिले. शिंप्याच्या दृष्टीने हे खरेही असेल. पण १९६५ च्या एका संचाला शिंपी जबाबदार नव्हता. त्यात बार्बीसोबत एक चिमुकला वजनकाटा होता, काटा ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोंवर, कायमचा रोखलेला. शेजारी वजन कमी कसे करावे याचे पुस्तक आणि त्यात उपदेश एकच : खाऊ नका. तिच्या उंचीच्या स्त्रीचे एवढे वजन कोणताही डॉक्टर धोक्याचे ठरवील. केनच्या झोपण्याच्या पोशाखासोबत मात्र दुधाचा पेला नि गोड पाव दिला होता!

रूथबाईंच्या आयुष्यात पुढे जे घडले ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला ओढूनताणून म्हटले असते. १९७० मध्ये कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. आत्मविश्वास पार ढासळला. बाजारात मिळणारे कृत्रिम स्तन पाहून त्या संतापल्या, कारण त्यांत डावे-उजवे असा भेदही नव्हता. कंपनीतून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःच ते तयार करविले आणि गावोगावच्या दुकानांत जाऊन स्त्रियांना जातीने बसवून दिले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड या त्यांच्या ग्राहकांपैकी एक. २००२ मध्ये त्या वारल्या. बार्बीच्या अंगाबद्दल त्यांनी अखेरपर्यंत माफी मागितली नाही, आणि मला त्यांच्यावर दगड उचलावासा वाटत नाही.

बाहुलीत मूल स्वतःला पाहते, हे अमेरिकेला केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते. केवळ वर्णाने भिन्न अशा बाहुल्या समोर ठेवल्या असता बहुसंख्य कृष्णवर्णीय बालकांनी गोरी 'छान' म्हणून निवडली. १९५४ च्या शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतला. शरीराच्या बांध्याविषयी तसा प्रयोग व्हायला अर्धशतक जावे लागले. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये हेल्गा डिटमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रांची गोष्ट दाखविली. ज्यांच्या चित्रांत बार्बी होती त्यांतील लहानग्या मुली लगेच स्वतःच्या शरीरावर नाराज झाल्या, अधिक बारीक व्हावेसे त्यांना वाटू लागले. सर्वांत मोठ्या मुलींवर तो तत्काळ परिणाम दिसला नाही. तोवर तो आदर्श त्यांच्या मनात मुरला असावा, असे संशोधकांचे अनुमान. २०१० च्या एका डच प्रयोगात मुलींनी शरीराविषयी वेगळे काही सांगितले नाही, पण बारीक बाहुलीशी खेळलेल्या मुलींनी नंतर समोरचा खाऊ कमी खाल्ला. मला हा दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करतो. तक्रार न करता ताट बाजूला सारणारी मुलगी कोणाच्या लक्षात येणार?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ही बाहुली भारतातही तयार होऊ लागली. साडी आली, टिकली आली, केस काळे झाले. साचा तोच राहिला. साडीच्या निऱ्यांखाली पाऊल उंच टाचेसाठीच वाकलेले! आजीने शिवलेल्या चिंध्यांच्या बाहुलीला कंबरच नसे, तेव्हा तिच्याशी आपली कंबर ताडून पाहण्याचा प्रश्नही नसे.

अखेर खप घसरल्यावर २०१६ च्या जानेवारीत कंपनीने उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या बार्बी काढल्या. टीकाकारांची मागणी अर्धशतकानंतर पुरी झाली म्हणायची. पण २०१९ मध्ये अमेरिकेत तीन ते दहा वर्षांच्या ८४ मुलींसमोर या बाहुल्या मांडल्या, तेव्हा भरल्या अंगाचीशी खेळावयास सर्वांत कमी मुली राजी झाल्या. विक्रीपूर्वी कंपनीनेच घेतलेल्या चाचणीचे वर्णन 'टाइम' साप्ताहिकात आले होते. सहा वर्षांची एक मुलगी त्या बाहुलीला नाचवीत, तिच्याच आवाजात, मी जाडी आहे, जाडी, असे गात होती. सात वर्षांची दुसरी, लाजाळू, तो शब्द उच्चारीना. विचारल्यावर तिने एकेक अक्षर सुटे करून सांगितले. बाहुलीला वाईट वाटू नये, म्हणून.