त्रियुगीनारायण येथील विवाहसोहळा : पाहुण्यांसाठी स्थलदर्शन आणि आवश्यक दक्षता

रुद्रप्रयाग : शिव-पार्वतीचा विवाह जेथे झाला अशी श्रद्धा आहे, त्या उत्तराखंडमधील त्रियुगीनारायण येथे विवाह करण्याकडे देशभरातील कुटुंबांचा ओढा वाढत आहे. डेहराडून येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी परदेशाऐवजी देशातच, विशेषतः उत्तराखंडमध्ये विवाहसोहळे आयोजित करण्याचे आवाहन केले होते. मात्र वधू-वरांचा मंदिरातील विधी काही तासांत आटोपतो आणि दूरवरून आलेल्या पाहुण्यांच्या हाती दोन-तीन दिवस उरतात. या दिवसांत काय पाहता येते, कोणत्या ऋतूत काय बंद असते आणि कोठे जपावे लागते, याची ही माहिती.

विवाहस्थळ

त्रियुगीनारायण हे रुद्रप्रयाग जिल्ह्यातील सुमारे १,९८० मीटर उंचीवरील लहान गाव आहे. येथील दगडी मंदिर विष्णूचे असून त्याची बांधणी केदारनाथ मंदिराशी मिळतीजुळती आहे. शिव-पार्वतीच्या विवाहात ब्रह्मदेवाने पौरोहित्य केले आणि विष्णूने वधूच्या भावाची भूमिका पार पाडली, अशी कथा सांगितली जाते. मराठी विवाहात वधूच्या भावाला कानपिळीचा मान असतो. येथे भावाचा हा मान साक्षात नारायणाकडे जातो.

मंदिरातील अखंड धुनी तीन युगांपासून तेवत असल्याची श्रद्धा आहे व त्यावरूनच गावाला हे नाव पडले. भाविक धुनीत समिधा अर्पण करतात आणि तेथील रक्षा प्रसाद म्हणून घरी नेतात. मंदिराच्या परिसरात विवाहस्थानाची खूण मानली जाणारी ब्रह्मशिळा, तसेच रुद्र, विष्णू, ब्रह्म आणि सरस्वती अशी चार कुंडे आहेत. हे सारे पाहण्यास दोन तास पुरतात. गावातील निवासव्यवस्था मर्यादित असल्याने मोठ्या वऱ्हाडाचा मुक्काम बहुधा सोनप्रयाग ते गुप्तकाशी या पट्ट्यात विभागावा लागतो.

प्रवासातील थांबे

ऋषिकेशहून सोनप्रयाग सुमारे २१० किलोमीटर आहे. सोनप्रयागहून त्रियुगीनारायणचा सुमारे १२ किलोमीटरचा फाटा फुटतो. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसले तरी डोंगरी रस्त्याला पूर्ण दिवस लागतो. पहाटे निघाल्यास वाटेतील तीन थांबे निवांतपणे होतात. देवप्रयाग येथे अलकनंदा आणि भागीरथी यांचा संगम होऊन पुढील प्रवाहाला गंगा हे नाव मिळते. रुद्रप्रयाग येथे अलकनंदेला मंदाकिनी मिळते. याच परिसरात १९२६ मध्ये जिम कॉर्बेट यांनी सव्वाशेहून अधिक माणसांचा बळी घेणारा नरभक्षक बिबट्या ठार केला. तिसरा थांबा अगस्त्यमुनी. तेथून मंदाकिनीच्या काठाने वर चढत गेले की गुप्तकाशी येते.

अर्ध्या दिवसाची ठिकाणे

वयस्कर पाहुणे आणि लहान मुले यांच्यासाठी गुप्तकाशी व ऊखीमठ ही ठिकाणे सर्वांत सोयीची. दोन्ही १,३०० मीटरच्या आसपास असून वाहन मंदिराजवळ पोहोचते. गुप्तकाशीत विश्वनाथ आणि अर्धनारीश्वर यांची मंदिरे आहेत. समोरच्या मणिकर्णिका कुंडात गोमुखांतून पाण्याच्या दोन धारा अखंड पडतात. शिवाने पार्वतीला मागणी घातली ती येथेच, असे स्थानिक सांगतात. जवळच कालीमठ हे देवीचे जुने स्थान आहे.

दरीच्या पलीकडे ऊखीमठ आहे. बाणासुराची कन्या उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांच्या विवाहाशी या गावाचे नाव जोडलेले आहे. येथील ओंकारेश्वर मंदिर हे केदारनाथ आणि मध्यमहेश्वर यांचे हिवाळी पूजास्थान होय.

पूर्ण दिवसाच्या पदयात्रा

चालण्याची सवय असलेल्यांसाठी पहिली निवड देवरियाताल. ऊखीमठजवळच्या सारी गावातून सुमारे तीन किलोमीटरची चढण चढल्यावर २,४०० मीटरवरील हे तळे लागते. सकाळी वारा पडलेला असताना पाण्यात चौखंबा शिखराचे प्रतिबिंब दिसते. दुपारी ढग येतात, म्हणून उजाडताच निघावे.

दुसरी निवड चोपता-तुंगनाथ. पंचकेदारांपैकी तुंगनाथ हे ३,६८० मीटर उंचीवर असून चोपत्याहून साडेतीन किलोमीटरची फरसबंद वाट आहे. तेथून आणखी दीड किलोमीटरवर चंद्रशिला शिखर आहे. त्याची उंची ४,००० मीटरच्या घरात जाते. हा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्याला लागून असल्याने मोनाल पक्षी दिसण्याची शक्यता असते. मार्च-एप्रिलमध्ये बुरांसच्या लाल फुलांनी येथील वने पेटल्यासारखी दिसतात.

केदारनाथचे दर्शन मात्र लग्नाच्या कार्यक्रमात कोंबू नये. गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची एकमार्गी चढण आणि ३,५८३ मीटरची उंची पाहता त्यासाठी स्वतंत्र दोन ते तीन दिवस हवेत. चारधाम यात्रेची पूर्वनोंदणीही सक्तीची आहे.

मुहूर्त आणि मंदिरांचे वेळापत्रक

पाहुण्यांची सर्वाधिक निराशा होते ती येथे. चातुर्मासात विवाह होत नाहीत. प्रबोधिनी एकादशीनंतर मुहूर्त सुरू होतात. केदारनाथचे दरवाजे मात्र भाऊबीजेला, म्हणजे त्या एकादशीच्या नऊ दिवस आधीच बंद होतात. तुंगनाथही त्याच सुमारास बंद होऊन तेथील पूजा मक्कूमठात सुरू होते. परिणामी नोव्हेंबरमधील विवाहाला येणाऱ्या पाहुण्याला केदारनाथाचे दर्शन घडू शकते ते ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात. हे निमंत्रणपत्रिकेसोबतच कळवल्यास केवळ केदारनाथच्या आशेने येणारे ज्येष्ठ हिरमुसणार नाहीत. त्रियुगीनारायण मंदिर वर्षभर खुले असते.

नोव्हेंबरात आकाश निरभ्र आणि शिखरे स्वच्छ असतात. थंडी मात्र कडक. याउलट मे-जूनमधील मुहूर्तांच्या वेळी यात्रा भरात असते. सोनप्रयागपर्यंतचा रस्ता यात्रेकरूंचा आणि वऱ्हाडाचा एकच असल्याने विधीच्या वेळेआधी कित्येक तासांची सवड ठेवावी लागते.

गढवाली लग्नाची ओळख

स्थलदर्शनाइतकाच आनंद स्थानिक परंपरा देतात. गढवाली लग्नात स्त्रिया प्रत्येक विधीला ‘मांगल’ गीते गातात. ढोल-दमाऊ आणि मशकबीन ही येथील मंगलवाद्ये. बाहेरून ध्वनिवर्धक आणण्याऐवजी गावातील वादक व गायिकांना बोलावल्यास पाहुण्यांना या प्रदेशाची खरी ओळख होते आणि गावाला रोजगारही मिळतो.

जेवणातही मराठी पाहुण्यांना ओळखीच्या खुणा सापडतील. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ आणि झंगोरा म्हणजे सावा. झंगोऱ्याची खीर येथे आवडीने केली जाते. लग्नाचे खास पक्वान्न म्हणजे अरसा. भिजवून कुटलेले तांदूळ आणि गूळ यांचे हे तळलेले पक्वान्न चाखताना अनारशाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आरोग्य आणि सुरक्षा

साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. त्रियुगीनारायण त्या खाली असल्याने मुक्कामाला धोका नाही. पण मैदानातून येऊन दुसऱ्याच दिवशी तुंगनाथ चढणे टाळावे. एक दिवस विश्रांती घेऊन मग निघावे. डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवल्यास चढणे थांबवून खाली उतरणे हाच उपाय. हृदयविकार, दमा वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दरडी कोसळण्याचा धोका असतो. जून २०१३ च्या महाप्रलयात याच मंदाकिनी खोऱ्यात हजारोंचा बळी गेला. ३१ जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत केदारनाथ पायवाट तुटून हजारो यात्रेकरू अडकले होते. हेलिकॉप्टरसेवाही हवामानावर अवलंबून असते. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एक कुटुंब होते. उड्डाण रद्द झाल्यास यजमानांवर वा चालकावर दबाव आणू नये. परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस राखून ठेवणे शहाणपणाचे.

कचरा आणि डोंगराची मर्यादा

जून २०१९ मध्ये चमोली जिल्ह्यातील औली येथे झालेल्या एका उद्योजक कुटुंबातील विवाहांची चर्चा शेवटी थाटामाटापेक्षा कचऱ्याचीच झाली. उच्च न्यायालयाने आयोजकांना तीन कोटी रुपये अनामत भरण्यास सांगितले होते आणि सोहळ्यानंतर दीडशे क्विंटलहून अधिक कचरा उचलावा लागला. उच्च शिखरांखालील बुग्याल, म्हणजे गवताळ कुरणे, हीदेखील नाजूक असतात. तेथे रात्रीच्या मुक्कामास उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली. त्यामुळे कुरणावर तंबू ठोकून मेजवानी देण्याचा बेत आखू नये.

त्रियुगीनारायणसारख्या लहान गावात पाणी, वाहनतळ आणि कचऱ्याची व्यवस्था गावकऱ्यांच्या गरजेपुरतीच असते. शंभर पाहुण्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या, फुलांची आरास आणि उरलेले अन्न यांचा भार त्या व्यवस्थेवर पडतो. वऱ्हाडाची संख्या कमी ठेवणे, पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरून घेणे आणि सुका कचरा परतीच्या वाहनातून खाली नेणे, एवढे तरी प्रत्येकाला शक्य आहे. या मंदिरातून पाहुण्याने सोबत न्यायची ती धुनीची चिमूटभर रक्षा. मागे ठेवायचे ते धुनीतले एक लाकूड, याहून अधिक काही नाही.