रिकाम्या वेळेतली शून्ये

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये मेमरीचे पेज पुसून शून्य करणारे एक छोटेसे रूटीन असते. त्याच्याविषयी अभियंत्यांमध्ये एक मत घट्ट रुजले आहे. शून्य भरणे म्हणजे निव्वळ हमाली. प्रोसेसर रिकामा असेल तेव्हा ती आगाऊ उरकून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी प्रोग्रामला तयार पेज मिळते. आणि रूटीन चांगले की वाईट हे ते सेकंदाला किती गिगाबाइट पुसते यावरून ठरवावे. तिन्ही गोष्टी बिनतोड वाटतात, पण तिन्ही एकाच गैरसमजातून निघाल्या आहेत. या रूटीनचे फलित म्हणजे फक्त शून्ये, असे तिन्हींत गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात रूटीन संपल्यावर प्रोसेसरच्या कॅशमध्ये काय उरले, हेही त्याचेच फलित असते, आणि बहुतेक वेळा तेच जास्त मोलाचे ठरते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा; लुळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात पुरुषार्थ नाही. कर्नल पेज पुसतो ते हौसेने नव्हे. एका प्रोसेसने सोडलेले पेज जसेच्या तसे दुसरीच्या हाती गेले, तर पहिलीचे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या दुसरीला आयत्या वाचायला मिळतील. म्हणून प्रोग्राम नव्या पेजवर पहिल्यांदा लिहू लागला की पेज फॉल्ट होतो, कर्नल एक मोकळे पेज काढतो, त्याचे ४०९६ बाइट शून्य करतो आणि मगच ते जोडून देतो. तेवढा वेळ प्रोग्राम ताटकळतो. हेच पेज अर्ध्या सेकंदापूर्वी, प्रोसेसर नुसता बसून होता तेव्हा, पुसून ठेवता आले नसते का? विंडोजमध्ये तर या कामासाठी सर्वांत खालच्या, शून्य प्राधान्याचा एक स्वतंत्र थ्रेड वर्षानुवर्षे राबतो आहे. तेव्हा हा युक्तिवाद पोरकट म्हणून झटकून टाकता येत नाही.

आता जरा हिशेब मांडू. आजच्या एक्स-८६ प्रोसेसरवर कॅश लाइन ६४ बाइटांची असते, म्हणजे एका पेजमध्ये ६४ लाइन. त्या सर्वांत जवळच्या कॅशमध्ये असतील तर सायकलला ३२ बाइट या वेगाने सगळे पेज सव्वाशेच्या आसपास सायकलींत पुसून होते. उलट, मुख्य मेमरीतून एकच लाइन आणायची तर ८० ते १०० नॅनोसेकंद जातात. ३ गिगाहर्ट्झवर त्याच्या अडीचशे-तीनशे सायकली झाल्या. पेज कॅशमध्ये नसेल तर पुसणेही महागते, हे मान्य. पण पुसताना प्रोसेसरला पुढची लाइन कोणती ते आधीच ठाऊक असते. लाइनमागून लाइन एकगठ्ठा निघते, आणि सगळी लाइन नव्यानेच लिहायची असल्याने जुना मजकूर मेमरीतून वाचून आणण्याचा खटाटोपही टाळता येतो. एआरएमवरची ‘डीसी झेडव्हीए’ आणि पॉवरपीसीवरची ‘डीसीबीझेड’ या सूचना नेमक्या त्यासाठीच आहेत. प्रोग्रामची गोष्ट वेगळी. तो पेजवर इथे-तिथे हात घालतो, आणि प्रत्येक थंड, म्हणजे कॅशमध्ये नसलेल्या, लाइनपाशी सुटा अडखळतो. फॉल्टच्या क्षणी पुसलेले पेज गरम असते आणि पुढच्याच क्षणी प्रोग्राम त्यावर काम करू लागतो. आधी पुसून यादीत ठेवलेले पेज तोवर थंड पडलेले असते. ताटे घासून माळ्यावर ठेवावीत आणि पाहुणा दारात आल्यावर शिडी शोधावी, त्यातला हा प्रकार.

हा वाद नुसता तर्काने सोडवण्याची गरज नाही, कारण प्रयोग कधीचाच झाला आहे. कॉर्ट डुगन, पॉल मॅकेरास आणि व्हिक्टर योडायकेन यांनी पॉवरपीसीवरील लिनक्सच्या आयडल टास्कवर १९९९ मध्ये एक निबंध वाचला. रिकाम्या वेळी पेज पुसायला त्यांनी सुरुवात केली, तेव्हा कर्नल कंपाइल व्हायला लागणारा वेळ जवळजवळ दुप्पट झाला. आयडल टास्क शून्ये भरता भरता इतर प्रोसेसचा कामाचा डेटा कॅशमधून हुसकावून लावत होता. मग त्यांनी कॅश बंद ठेवून पुसले. नुसते पुसून पेज वापरलेच नाही तर नफा ना तोटा. तीच पेज वापरायला दिली तेव्हा मात्र यंत्रणा खरोखर वेगवान झाली. पूर्वपक्ष या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो, आणि ठेवावेच. पण ते यंत्र एका प्रोसेसरचे होते. तिथे रिकामा वेळ म्हणजे सबंध यंत्राचा रिकामा वेळ, मेमरीच्या बसवर दुसरे कोणी नाही. आज एक कोअर रिकामा असतो तेव्हा शेजारचे पंधरा कामात असतात, आणि मेमरीची बँडविड्थ सगळ्यांत मिळून एकच. रिकाम्या कोअरने पुसलेल्या प्रत्येक पेजचे भाडे कामातल्या कोअरला भरावे लागते.

लॅपटॉप आणि फोनमध्ये रिकामा कोअर झोपवलेला असतो. शून्ये भरायला त्याला उठवणे म्हणजे बॅटरी जाळणे. व्हर्च्युअल मशीनमध्ये तर याहून गंमत. पाहुण्या कर्नलने कधीही न वापरलेली पेज रिकाम्या वेळी पुसायला घेतली की यजमानाला त्या प्रत्येक पेजामागे खरी मेमरी उभी करावी लागते. कुणी न मागितलेल्या शून्यांसाठी!

फ्रीबीएसडीने हा अनुभव पुरता घेतला. तिथली आयडल पेज-झिरोइंगची सोय बरीच वर्षे मूळ मांडणीत बंद करून ठेवलेली होती. २०१६ मध्ये तिचा कोडच काढून टाकला. ड्रॅगनफ्लाय बीएसडीनेही त्याच वर्षी तेच केले. विंडोजने ती ठेवली आहे, पण एका सिस्टिममध्ये एखादी सोय टिकून आहे एवढ्यावरून ती सगळीकडे लाभाची आहे असे सिद्ध होत नाही.

आणखी एक समज सूचनांच्या निवडीचा. पुसण्याचे रूटीन म्हटले की हौशी माणसाला हातांनी उलगडलेला असेंब्ली लूप आणि एव्हीएक्सची रुंद रजिस्टरे आठवतात. कर्नलमध्ये ती रजिस्टरे यूजरच्या मालकीची असतात. वापरायची तर आधीची स्थिती जपावी लागते, आणि एव्हीएक्स-५१२ ची ३२ रजिस्टरेच दोन किलोबाइटांची भरतात. चार किलोबाइट पुसण्यासाठी दोन किलोबाइट आधी हलवायचे, हा व्यवहार कुणाला परवडेल? लिनक्समध्ये या रूटीनच्या तीन आवृत्त्या आहेत आणि बूट होताना प्रोसेसर पाहून कर्नल त्यांतली एक निवडून आपल्याच कोडमध्ये चिकटवतो. जुन्यांसाठी ६४ बाइटांचा उलगडलेला लूप, मधल्यांसाठी ‘रेप स्टॉसक्यू’, आणि आयव्ही ब्रिजपासून पुढच्या इंटेल प्रोसेसरांसाठी जी आवृत्ती आहे ती तर पाहण्यासारखी आहे: मोजणीत ४०९६ टाका, एक रजिस्टर शून्य करा, ‘रेप स्टॉसबी’, परत जा. बास. या सूचनेच्या आत काय करायचे ते प्रोसेसरचा मायक्रोकोड ठरवतो, आणि स्वतःची कॅश त्याला आपल्याहून चांगली माहीत असते. मात्र हीच सूचना चाळीस-पन्नास बाइट पुसायला वापरली तर तिच्या आरंभाचाच खर्च कामाहून भारी होतो. २०२३ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी छोट्या क्षेत्रांसाठी तिचा सरसकट वापर बंद केला तो म्हणूनच. आखूड लांबीलाही वेग देणारे प्रोसेसर तेवढे वगळले.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मी विनातक्रार मान्य करतो. क्षेत्र कॅशहून मोठे झाले की माझा युक्तिवाद उलटतो. एक गिगाबाइटचे पेज पुसताना ते कॅशमध्ये ठेवू पाहणे हा वेडेपणा. तिथे कॅश टाळून थेट मेमरीत लिहिणारे नॉन-टेम्पोरल स्टोअरच योग्य. दोन मेगाबाइटांचे पेज मधल्या सीमेवर येते, आणि तिथला उपाय मला सर्वांत बुद्धीचा वाटतो. इंटेलच्या यिंग हुआंग यांनी २०१७ मध्ये दाखवले की झिऑन ई५ व्ही३ २६९९ वर १८ कोअर, ३६ थ्रेड आणि ४५ मेगाबाइटांची शेवटची कॅश आहे, म्हणजे थ्रेडमागे सव्वा मेगाबाइट. दोन मेगाबाइट सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुसले की आरंभीचा भाग शेवटाला पोचेपर्यंत बाहेर ढकलला जातो, आणि प्रोग्रामला अनेकदा नेमका तोच हवा असतो. हुआंग यांनी पुसण्याचा क्रम बदलला. फॉल्ट ज्या छोट्या पेजवर झाला ते सर्वांत शेवटी पुसायचे, म्हणजे ते गरम राहते. पुसण्याच्या सूचना त्याच, शून्ये तेवढीच, आणि त्यांच्या चाचणीत थ्रूपुट २८.३ टक्क्यांनी वाढले. गिगाबाइटच्या मोजपट्टीवर ही सुधारणा दिसलीच नसती.

शेवटचा पुरावा लिनक्सच्या कॉन्फिगरेशनमध्येच लिहून ठेवला आहे. सुरक्षेसाठी २०१९ मध्ये दोन पर्याय आले: मेमरी देताना पुसायची, किंवा परत घेताना पुसायची. देताना पुसण्याचा भुर्दंड बहुतेक कामांत एक टक्क्याच्या आत, तर परत घेताना पुसण्याचा तीन ते पाच टक्के. कारण दिले आहे थंड मेमरीला हात लावण्याचे. पुसणारे रूटीन एकच. फरक फक्त वेळेचा.

तेव्हा या रूटीनसाठी नवा पॅच घेऊन येणाऱ्यांना विनंती आहे. सेकंदाला किती गिगाबाइट हा आकडा खुशाल द्या. पण त्याच्या शेजारी कर्नल कंपाइल व्हायला आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो तेही लिहा, आणि कॅश मिस मोजायचे ते रूटीनमधले नव्हे, त्याच्यानंतर चालणाऱ्या यूजर कोडमधले मोजा.