स्मरणरंजन आणि संहिता : जपानी भूमिकाखेळांचे पुनरागमन

स्मरणरंजनाचा विचार करताना समीक्षा बहुधा स्मरण करणाऱ्या मनाकडे पाहते. ज्याचे स्मरण केले जाते त्या संहितेचे मधल्या काळात काय झाले, हा प्रश्न मागे पडतो. जपानी रोल-प्लेइंग गेमचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. खेळणाऱ्याने पात्राची भूमिका घेऊन पुढे न्यायचा हा दीर्घ कथनखेळ १९८०च्या दशकात टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर रुजला. पुढे तो हातात मावणाऱ्या यंत्रांवर परतला, तेव्हा 'तोच' म्हणून त्याचे स्वागत झाले. हे 'तोच'पण तपासून पाहणे आवश्यक आहे.

यूजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ मध्ये निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला. हिरोनोबू साकागुची यांचा 'फायनल फँटसी' १९८७ मध्ये. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या मूळ जपानी कार्ट्रिजमध्ये खेळाची स्थिती जपून ठेवण्याची सोय नव्हती. खेळ थांबवताना २० हिरागाना अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' कागदावर उतरवून घ्यावा लागे. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत वाढला. एक अक्षर चुकले तरी कथेचा धागा तुटे. बॅटरीच्या आधारे नोंद राखण्याची सोय या मालिकेत १९८८च्या तिसऱ्या भागात आली. 'फायनल फँटसी'त नोंद करता येई, पण सराईत किंवा मोकळ्या भूमीवर तंबू ठोकून. गुहेच्या आत नव्हे. जादूच्या प्रत्येक पातळीचे प्रयोगही मोजकेच असत. उरलेले प्रयोग मोजत गुहेच्या तळाशी जाणे, हा ताण त्या कथनाच्या लयीचाच भाग होता. तांत्रिक मर्यादा आणि रूपबंध यांना येथे वेगळे काढता येत नाही.

गेम बॉय १९८९ मध्ये, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स २००१ मध्ये आणि निंटेंडो डीएस २००४ मध्ये आला. पहिले दोन 'फायनल फँटसी' २००४ मध्ये अ‍ॅडव्हान्सवर एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा पहिल्या भागातील मोजक्या प्रयोगांच्या जागी शक्तिगुणांची नवी व्यवस्था आली आणि नोंद कोठेही करता येऊ लागली. प्रवासात, तुटक अवकाशात खेळणाऱ्यासाठी हा बदल स्वाभाविक होता. परंतु कथेतील घटना त्याच राहून त्यांच्यामधील भय विरले. कथानक जपले गेले, कथन बदलले.

भाषेच्या पातळीवर हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९९४चा सहावा 'फायनल फँटसी' अमेरिकेत 'तिसरा' म्हणून प्रसिद्ध झाला, कारण मधले भाग तेथे पोहोचलेच नव्हते. टेड वूल्सी यांनी अपुरी जागा आणि अपुरा वेळ यांच्या कात्रीत त्याचा इंग्रजी अनुवाद केला. अ‍ॅडव्हान्सवरील आवृत्तीसाठी नवा अनुवाद झाला. तरीही वूल्सी यांच्या काही लोकप्रिय उक्ती त्यात राखल्या गेल्या. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे वाचकांची आठवणच पाठनिश्चितीचे प्रमाण ठरली.

तिसऱ्या भागाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९० मध्ये जपानमध्ये आलेल्या या खेळातील चार अनाथ मुलांना ठरलेली नावे नव्हती. ती रिकामी जागा खेळणाऱ्याची होती. २००६च्या डीएसवरील त्रिमितीय आवृत्तीने त्यांना नावे, स्वभाव आणि पूर्ववृत्त दिले. जपानबाहेरील खेळणाऱ्यांसाठी हाच पहिला अधिकृत पाठ होता. मूळ द्विमितीय रूपावर आधारलेली आवृत्ती त्यांना २०२१ मध्ये मिळाली. ज्या घरात कधी राहिलोच नाही त्या घराची ओढ, असे या स्मरणरंजनाचे रूप आहे.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार मांडले : हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारे पुनःस्थापक आणि हरवलेपणाचेच भान जागे ठेवणारे चिंतनशील. हातातल्या पडद्यावरील या आवृत्त्या पहिल्या प्रकारात मोडतात. त्या उणिवा दूर करतात. मात्र त्या उणिवांनी घडवलेला आस्वाद त्यांना परत आणता येत नाही.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये निंटेंडोने थ्रीडीएस या हातयंत्राच्या ऑनलाइन दालनातील विक्री थांबवली. जुन्या संहितेला पर्याय म्हणून आलेले पाठही अशा रीतीने दुर्मिळ होऊ लागले आहेत. मूळ पाठ हाताशी नसेल तर सुधारित पाठच इतिहास म्हणून वाचला जातो आणि आठवणीची खातरजमा करण्याचे साधन उरत नाही. म्हणूनच या खेळांच्या समीक्षेने आस्वादाकडे वळण्यापूर्वी आवृत्त्यांचा चिकित्सक इतिहास सिद्ध करणे अगत्याचे आहे. कोणता पाठ वाचला जात आहे हे सांगता आले, तरच त्यात काय आठवले जात आहे याविषयी काही म्हणता येईल.