भाड्याचा फोन आणि विकतची मालकी

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात अमेरिकेतल्या घरोघरी टेलिफोन असे, पण तो त्या घराच्या मालकीचा नसे. देशातल्या बहुतांश तारा, केंद्रे आणि लांब पल्ल्याची सेवा एटी अँड टी या कंपनीच्या हातात होती. फोनचे यंत्र तिचीच उपकंपनी वेस्टर्न इलेक्ट्रिक बनवी आणि ग्राहकाला ते महिन्याच्या भाड्याने मिळे. दरपत्रकातच अट होती, की कंपनीने न दिलेले कोणतेही उपकरण तिच्या यंत्राला किंवा तारेला जोडायचे नाही. आज मोबाइल, टीव्ही, प्रिंटर आपण रोख किंवा हप्त्याने विकत घेतो, तरी त्यांची दुरुस्ती कोणी करायची, कोणता सुटा भाग चालेल आणि यंत्र किती वर्षे चालू राहील, हे पुष्कळदा कंपनीच ठरवते. या परिस्थितीत गैर नेमके काय आहे, ते समजायला भाड्याच्या फोनचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण मालकी कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हा वाद तिथे सरकारी आयोगापुढे आणि न्यायालयात उघडपणे लढला गेला.

त्या जुन्या व्यवस्थेची चांगली बाजू आधी मान्य केली पाहिजे. १९४९च्या सुमारास आलेले ‘मॉडेल ५००’ हे यंत्र तिचा उत्तम नमुना होता. हेन्री ड्रेफस या नामवंत डिझायनरच्या देखरेखीखाली ते घडले, आणि पुढे अनेक दशके अमेरिकेतल्या घरांत तेच दिसत राहिले. यंत्र बिघडले तर कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करी किंवा बदलून देई, त्याचे वेगळे पैसे पडत नसत. परत आलेले यंत्र कारखान्यात नीट करून पुन्हा दुसऱ्या ग्राहकाकडे जाई. यात कंपनीची उदारता शोधायचे कारण नाही. यंत्र तिचे, म्हणून दुरुस्तीचा खर्चही तिचाच. जितके ते टिकाऊ आणि उघडायला सोपे, तितका तिचा फायदा. त्यातच तिच्या दरांवर सरकारी आयोगांचा अंकुश होता. मालकी, खर्च आणि देखभाल एकाच हाती होती, म्हणून यंत्र टिकाऊ निघाले. या सगळ्याची किंमत मात्र ग्राहक दुसऱ्या रूपाने मोजत होता: भाडे कधी संपत नसे आणि निवडीला जागा नसे.

ही निवड किती आखडलेली होती, ते ‘हश-अ-फोन’च्या खटल्यात दिसले. हश-अ-फोन म्हणजे फोनच्या बोलायच्या बाजूला बसवायचा पेल्यासारखा एक साधा भाग. त्यात तोंड घालून बोलले की शेजारच्याला बोलणे ऐकू जात नसे आणि खोलीतला गोंगाट पलीकडे पोहोचत नसे. त्यात वीज नव्हती, तार नव्हती. तरीही एटी अँड टीने त्याला हरकत घेतली. आवाजाचा दर्जा खालावतो आणि सगळ्या सेवेला बाधा येते, असे तिचे म्हणणे होते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी या सरकारी आयोगाने १९५५ मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. फोनवर हाताची ओंजळ धरूनही माणूस तेच करू शकतो, मग पेल्याला बंदी कशी, हा न्यायालयाचा मुद्दा होता. इतरांचे नुकसान होत नसेल, तर आपल्या सोयीने फोन वापरण्याचा ग्राहकाला हक्क आहे, हे तत्त्व या निकालाने घालून दिले.

त्या तत्त्वाची खरी कसोटी ‘कार्टरफोन’ने घेतली. टेक्सासच्या थॉमस कार्टरने बनवलेल्या या उपकरणात फोनचा रिसीव्हर ठेवला की दूरच्या वायरलेस संचावरचा माणूस टेलिफोनवर बोलू शके. जोडणी आवाजाची होती, विजेची नव्हती. १९६८ मध्ये एफसीसीने कार्टरच्या बाजूने निकाल दिला आणि परकी उपकरणे सरसकट रोखणारी अटच अन्यायकारक ठरवली. तेव्हा कंपनीने नवी अट पुढे केली: बाहेरचे यंत्र जोडा, पण मध्ये आमची संरक्षक पेटी हवी, तीही भाड्याने. मूळ आक्षेप मात्र अगदी पोकळ नव्हता. सदोष यंत्रातून तारेत जादा वीज गेली, तर लाइनमनच्या जिवाला धोका होऊ शकतो. १९७५ मध्ये एफसीसीने त्यावर उपाय काढला तो नोंदणीचा. तांत्रिक मानके सर्वांसाठी जाहीर झाली. त्यांत बसणारे यंत्र कोणीही बनवावे, नोंदवावे आणि ग्राहकाने ठरावीक प्लगने ते स्वतः जोडावे, असे ठरले. कोर्टकज्जे १९७७ पर्यंत चालले, पण टेलिफोनचे जाळे काही कोसळले नाही. उलट आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि मॉडेम यांना याच वाटेने घरात येता आले. घरातला संगणक साध्या फोनलाइनने जगाशी जोडला गेला, त्यामागे हे निर्णय आहेत.

भाड्याच्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी भारताचा अनुभवही पाहावा. मुंबईत १८८२ मध्ये खासगी कंपनीने टेलिफोन सुरू केला आणि १९४३ मध्ये ‘बॉम्बे टेलिफोन कंपनी’ सरकारने ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर फोनचे यंत्र बंगळुरूच्या आयटीआय या सरकारी कंपनीच्या कारखान्यातून येई, पण मालकी पोस्ट आणि तार खात्याची राही. यंत्र खात्याचे, दुरुस्तीही खात्याची, म्हणजे कागदावर अमेरिकेसारखीच रचना. पण इथे जोडणीसाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागे, आणि मिळालेला फोन मुका झाला तर लाइनमनची वाट पाहण्याखेरीज इलाज नसे. ग्राहकाच्या घरातली यंत्रे बनवायला खासगी कारखान्यांना परवानगी मिळाली ती १९८४ मध्ये. मालक दुरुस्ती करील असे नुसते गृहीत धरून भागत नाही, त्याला जाब विचारण्याची सोय लागते, हे इथे दिसले.

आजची व्यवस्था भाडे आणि खरेदी या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. भाडेकरूला हक्क कमी होते, पण दुरुस्तीचा भार त्याच्यावर नव्हता. विकत घेणाऱ्यावर भार आला, तसे हक्कही आले. आता पूर्ण किंमत ग्राहक भरतो, बिघाडाचा खर्च सोसतो, आणि हक्क मात्र भाडेकरूइतकेच उरतात. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडलवरून दूर बसून पुसून टाकली. प्रकाशकाकडे त्यांचे हक्क नव्हते आणि पैसे परत दिले, हे खरे. पण छापील पुस्तक परत न्यायला कोणी न विचारता घरात शिरला असता का? २०१६ मध्ये गुगलच्या समूहातल्या नेस्ट या कंपनीने रिव्हॉल्व्ह हे घरातली उपकरणे चालवणारे यंत्र सर्व्हर बंद करून निकामी केले. यंत्रात बिघाड कसलाच नव्हता. हल्ली काही यंत्रांचे सुटे भाग सॉफ्टवेअरने मूळ यंत्राशी बांधलेले असतात. दुसऱ्या तशाच फोनमधला अस्सल पडदा बसवला तरी काही सोयी बंद पडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हाताला कसब असलेल्या मेकॅनिकचा तोटा नाही. पण कंपनीचे कुलूप कसबाने उघडत नाही.

कंपन्यांचे आक्षेप जुनेच आहेत: सुरक्षितता, दर्जा आणि खर्च. बनावट बॅटरी पेट घेऊ शकते आणि सैल सॉफ्टवेअरमधून चोर शिरू शकतो, हे खरेच आहे. पण १९७५चे उत्तर इथेही लागू पडते. धोका असेल तर मानक जाहीर करावे आणि ते पाळणाऱ्याला वाट मोकळी ठेवावी; बंदीचा अधिकार धंद्यात हितसंबंध असलेल्याच्या हाती देऊ नये. दुसरा आक्षेप असा, की विक्री खुली झाल्यावर अमेरिकेत स्वस्त आणि तकलादू फोनही आले. तेही खरे. म्हणून नुसती मालकी पुरत नाही. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि टिकाऊपणाची हमीही लागते. तिसरा आक्षेप सर्व्हर कायम चालवण्याच्या खर्चाचा. तो कायम चालवा असे कोणी म्हणत नाही. सेवा किती वर्षे मिळेल, ते विक्रीच्या वेळी सांगावे आणि ती संपल्यावर यंत्र सर्व्हरविना चालेल अशी सोय करावी, एवढेच मागणे आहे.

कायदा आता या दिशेने सरकू लागला आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने सुटे भाग सॉफ्टवेअरने बांधण्यावर निर्बंध आणले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीला यंत्रावर ताबा ठेवायचा असेल, तर तिने ते भाड्याने द्यावे आणि दुरुस्तीचा भार स्वतः उचलावा. विकायचे असेल, तर ताबाही सोडावा. दोन्हींचा नफा घेऊन दोन्हींची जबाबदारी टाळण्याची मुभा कायद्याने काढून घेतली पाहिजे.