विषाचा पुरावा आणि नमुन्याची विश्वासार्हता : न्यायवैद्यक विषशास्त्राच्या वाटचालीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विषप्रयोगाच्या गुन्ह्यात बहुधा शस्त्र सापडत नाही, जखम दिसत नाही आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही मिळत नाही. त्यामुळे अशा खटल्यांत रासायनिक परीक्षेला निर्णायक महत्त्व प्राप्त झाले. न्यायवैद्यक विषशास्त्राचा इतिहास सामान्यतः नवनव्या कसोट्यांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु न्यायालयात वाद केवळ 'विष कोणते' या प्रश्नावर झाला नाही. तपासलेला पदार्थ कोठून आला, तो कोणाच्या हातांतून गेला आणि वाटेत त्यात काही मिसळले किंवा नष्ट झाले काय, हे प्रश्न तितक्याच तीव्रतेने विचारले गेले. नमुन्याच्या विश्वासार्हतेचा हा प्रश्न कसा पुढे आला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

युरोपातील पायाभरणी

सोमल, म्हणजे पांढरे आर्सेनिक, हे एकोणिसाव्या शतकातील युरोपात सहज मिळणारे विष होते. १८३३ साली इंग्लंडमध्ये एका वृद्धाला कॉफीतून सोमल दिल्याच्या खटल्यात रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यांनी विष शोधून काढले. तथापि पुराव्यादाखल मिळालेला पिवळा साका खटला उभा राहीपर्यंत टिकला नाही आणि आरोपी निर्दोष सुटला. या अनुभवातून मार्श यांनी १८३६ साली नवी कसोटी प्रसिद्ध केली. जस्त व आम्ल यांच्या साहाय्याने आर्सेनिकचे वायूत रूपांतर करायचे आणि तो वायू तापलेल्या काचनळीतून नेऊन तिच्यावर धातूचा चकचकीत थर मिळवायचा, असे तिचे स्वरूप होते. हा थर पंचांना डोळ्यांनी पाहता येई.

मात्र कसोटी जितकी सूक्ष्म, तितका तिचा गैरअर्थ होण्याचा धोकाही मोठा होता. बाजारातील जस्तात व आम्लातच आर्सेनिकचा अंश आढळत असे. १८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज हिच्यावर पतीला विष दिल्याचा खटला चालला, तेव्हा स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. अखेर १८१४ पासून विषांवरील ग्रंथलेखनाने ख्यातनाम झालेल्या मातेओ ऑर्फिला यांना पॅरिसहून पाचारण करण्यात आले. मृताच्या अवयवांत आर्सेनिक असल्याचे सांगताना ते आर्सेनिक वापरलेल्या रसायनांतून किंवा दफनभूमीतील मातीतून आलेले नाही, हेही त्यांना स्पष्ट करावे लागले. परीक्षेच्या साधनांचीच आधी परीक्षा घ्यावी, हे तत्त्व येथे ठळक झाले. पुढे १८५०-५१ मध्ये बेल्जियममधील बोकार्मे खटल्यात झां स्टास यांनी अल्कोहोल व ईथर वापरून मृताच्या ऊतींतून निकोटीन वेगळे केले आणि वनस्पतिजन्य विषांच्या शोधाचा मार्ग मोकळा झाला.

मुंबई इलाखा आणि बडोद्याचे प्रकरण

ही विद्या ब्रिटिश प्रशासनामार्फत हिंदुस्थानात आली. मद्रास (१८४९), कलकत्ता (१८५३), आग्रा (१८६४) आणि मुंबई (१८७०) येथे सरकारी रासायनिक परीक्षणाची व्यवस्था झाली. मुंबईतील या अधिकाऱ्यास 'केमिकल अ‍ॅनालायझर' म्हणत. महाराष्ट्रातील न्यायालयांत प्रयोगशाळेच्या अहवालाला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणण्याचा जो प्रघात पडला, त्याचे मूळ या पदनामात आहे.

मुंबईतील ही व्यवस्था स्थापन होऊन चार-पाच वर्षे होतात न होतात तोच तिच्यापुढे एक असाधारण प्रकरण आले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. अस्वस्थ वाटू लागल्याने त्यांनी उरलेले सरबत बाहेर फेकले आणि मग पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळाकडे त्यांचे लक्ष गेले. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी त्या गाळाचा काही भाग तपासला व उरलेला मुंबईस डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. त्यात सोमल आणि चमकदार कठीण पूड आढळली.

म्हणजे मुख्य पुरावा होता तो पेल्याच्या तळाशी उरलेला चिमूटभर गाळ. पुढे मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर यांच्या देखरेखीखाली चाललेल्या तपासात रेसिडेन्सीतील एका हवालदाराच्या पट्ट्यात पुडी सापडली आणि तीतही सोमल निघाला. १८७५ च्या आरंभी महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावरील आरोपांची चौकशी आयोगापुढे सुरू झाली, तेव्हा त्यांचे वकील सार्जंट बॅलंटाईन यांनी या पुडीवर विशेष भर दिला. पुडीत सोमल आहे, एवढेच रसायनशास्त्र सांगू शकत होते. ती पट्ट्यात कोणी ठेवली, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

आयोगाचे तीन इंग्रज सदस्य आरोप सिद्ध मानणारे निघाले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांना मात्र तो सिद्ध झाला असे वाटले नाही. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, ते गैरकारभाराचे कारण देऊन. या निर्णयामागे राजकारण होते, हे उघड आहे. तथापि सोमलाच्या अस्तित्वाविषयी फारसा वाद नसतानाही आयोगाचे मत दुभंगले, ही बाब विषशास्त्राच्या इतिहासात विशेष लक्षणीय ठरते.

कायदा व कार्यपद्धती

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० ने रासायनिक परीक्षकाचा अहवाल पुरावा म्हणून दाखल करण्यास मुभा दिली. ही तरतूद १९७३ च्या संहितेत कलम २९३ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३२९ मध्ये पुढे चालू राहिली. परंतु असा अहवाल बाटलीत काय होते एवढेच सिद्ध करतो. बाटली कोणाची, हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टर, पोलीस व पंच यांच्यावरच राहते.

या जाणिवेचे बारकाईने उतरलेले रूप मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये १९५९ साली झालेल्या वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियमांत दिसते. सिरिंज उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावी, रक्त घेताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नये, किमान ५ घन सेंटिमीटर रक्त घेऊन ते गोठणरोधक व जतनद्रव्य असलेल्या कुपीत घालून हलवावे, कुपीवर नावनिशी व सही करून मोहर लावावी आणि ती सात दिवसांत परीक्षण अधिकाऱ्याकडे पोहोचवावी, असा हा क्रम होता. १९६३ साली महाराष्ट्रातील एका मोटार अपघाताच्या खटल्यात, रक्त घेतल्यानंतरच्या काळात कुपी कोणाच्या ताब्यात होती याचा पुरावा नसल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष वेधले. बडोद्याच्या पुडीबाबत उपस्थित झालेला प्रश्नच वेगळ्या संदर्भात पुन्हा समोर आला.

या प्रत्येक नियमामागे शास्त्रीय कारण आहे. रक्तातील सूक्ष्मजीव साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात, म्हणून सोडियम फ्लोराईड वापरतात. शवविच्छेदनातील जठर, यकृत, मूत्रपिंड आदी अवयव विषतपासणीसाठी सर्वसाधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मॅलिन टाळतात, कारण त्यामुळे विषाचे पृथक्करण कठीण होते. जतनद्रव्याचा नमुना स्वतंत्रपणे पाठवण्याची पद्धत म्हणजे ऑर्फिला यांच्या तत्त्वाचेच आजचे रूप होय. खेळाडूंच्या उत्तेजक चाचणीत मूत्र 'अ' व 'ब' अशा दोन बाटल्यांत मोहरबंद होते. पहिल्या निष्कर्षाला आव्हान दिल्यास दुसरी उघडता यावी, हा त्यामागील हेतू आहे.

समारोप

मार्श यांच्या काचनळीपासून आजच्या मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत विष ओळखण्याची क्षमता अनेक पटींनी वाढली. परंतु अत्याधुनिक यंत्रही त्याच्यापुढे ठेवलेल्या नमुन्याविषयीच बोलते. मोहर, चिठ्ठी, नोंदवही आणि वेळेचे बंधन या गोष्टी कारकुनी वाटल्या, तरी निरपराध व्यक्तीची सुटका आणि अपराध्याची शिक्षा या दोन्ही त्यांवर अवलंबून असतात. म्हणून विषशास्त्राचे शिक्षण प्रयोगशाळेपुरते मर्यादित न ठेवता तालुका रुग्णालयातील परिचारिका, वैद्यकीय अधिकारी आणि मुद्देमाल सांभाळणारा पोलीस कर्मचारी यांच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. पुराव्याचे पहिले रक्षक तेच असतात.