इतिहासाची पदवी आणि पोटाची वाट

कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविल गावी पितळी समया ओततात. कावेरीच्या बारीक वाळूचा साचा करावा, त्यात वितळलेले पितळ ओतावे, निवल्यावर घासून लखलखीत करावे; मुलगा बापाजवळ बसून हे शिकतो आणि त्यावर संसार चालवतो. इतिहासाच्या पदवीधराची वाट इतकी सरळ कधीच नव्हती.

याच कुंभकोणमात १८२८ साली एका मराठी घराण्यात टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. १८८२ साली त्यांनी बडोदे सोडले आणि सात वर्षांनी त्याच दरबारात गोविंद सखाराम सरदेसाई नावाचा तरुण बी. ए. नोकरीस लागला. महाराजांना वाचून दाखवावे, राजपुत्रांना शिकवावे, पुढे हिशेब तपासावेत, ही त्यांची चाकरी. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच ‘रियासती’ जन्मल्या. पगार मात्र मिळे तो चाकरीचा. १९२५ साली निवृत्त होऊन ते कामशेतला राहिले, आणि पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादिले ते त्यानंतर, साठी उलटल्यावर!

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांची तऱ्हा निराळी. पदवी घेतली, थोडे दिवस मास्तरकी केली, ती सोडली आणि दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट आरंभिली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढणारा हा पुरुष १९२६ साली धुळ्यास वारला, तोवर मिळकत अशी त्याला ठाऊकच नव्हती. राजवाडे पूज्य खरेच. परंतु त्यांचे नाव सांगून आजच्या तरुणाकडून फुकट राबवून घेणे मला मान्य नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकास मोबदला तासागणिक मिळतो. सुटी लागली की तोही थांबतो. म्हणूनच आमचे बहुतेक इतिहासवाले स्पर्धा परीक्षांकडे वळतात. त्यांना दोष कोणी द्यावा?

एक कसब मात्र अजून भाव खाते, ते मोडी वाचण्याचे. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रातील जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध झाली. ज्याने ती लिपी कोणाजवळ तरी बसून गिरवली होती, त्याला काम मिळाले. आणि नाचियारकोविलहून फार दूर नसलेल्या तंजावरच्या सरस्वती महालात भोसले राजांच्या काळातील मोडी कागदांची गाठोडी आहेत. ती वाचावयास माणसे हवी आहेत.